एलमन चाचणीत हिरडा गॅलांटामाइनच्या बरोबरीला आणि हळद उणे: कुठे चुकतंय?

सांगली_फार्मसी यांचा प्रश्न

स्मृतिभ्रंशावरच्या पारंपरिक वनस्पतींची प्राथमिक तपासणी चालू आहे (एम.फार्म. प्रबंध). अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे मेंदूतला संदेशवाहक मोडणारं एन्झाइम कोणता अर्क किती रोखतो ते एलमन चाचणीने ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटवर बघतोय: एन्झाइमने सब्स्ट्रेट फोडला की पिवळा रंग येतो, रंग जितका कमी तितकं एन्झाइम रोखलेलं.

अर्क: सावलीत वाळवून भरड, ४० नंबरच्या चाळणीतून, ५० ग्रॅमला ५०० मिली ७० टक्के इथेनॉल, २४ तास भिजवून असं तीनदा, ४० अंशांखाली रोटाव्हेपरवर आटवलं. हळदीला ९५ टक्के इथेनॉल. १० मिग्रॅ/मिली डीएमएसओ या द्रावकात विरघळवून मग बफरने दहापट पातळ.

प्रत्येक वेलमध्ये ३ मिमोलर डीटीएनबी (रंग देणारं रसायन) १२५ मायक्रोलिटर, बफर ५०, नमुना २५, एन्झाइम (इलेक्ट्रिक ईलचं, ०.२२ युनिट/मिली) २५ आणि शेवटी १५ मिमोलर अ‍ॅसिटिलथायोकोलिन आयोडाइड (सब्स्ट्रेट) २५. एकूण २५०, म्हणजे अर्क अखेर १०० मायक्रोग्रॅम/मिली. पीएच ८. १५ मिनिटांनी ४०५ नॅनोमीटरला एकदाच वाचन.

ओडी (प्रकाश किती शोषला गेला ते) अशा आल्या:
कंट्रोल (नमुन्याऐवजी बफर) ०.८२
एन्झाइमशिवाय ब्लँक ०.२२
गॅलांटामाइन (अल्झायमरवरचं औषध, तुलनेसाठी) १० मायक्रोग्रॅम/मिली (पाण्यात) ०.२४
हिरडा ०.२५
ब्राह्मी, गणपती पेठेतून आणलेली ०.७३
ब्राह्मी, तासगावकडच्या पाटाकडेची ताजी ०.४१
शंखपुष्पी दोन लॉट ०.५८ आणि ०.७२
हळद १.१३
मालकांगणी तीन वेल ०.६१, ०.९४, १.२०

इनहिबिशन काढलं तर गॅलांटामाइन ७१ टक्के, हिरडा ७०, हळद उणे ३८. गाइड म्हणतात हिरडा आणि पाटावरची ब्राह्मी घेऊन थेट स्कोपोलामाइन टोचून विसरभोळे केलेल्या उंदरांवर जा. मला पटत नाहीये. ब्राह्मीच्या दोन लॉटमध्ये एवढा फरक कशाने?

प्लेटरीडर

उंदीर थांबवा. तुमचे आकडे बरेच बोलके आहेत, फक्त नीट वजाबाकी व्हायला हवी.

१० मायक्रोग्रॅम/मिली गॅलांटामाइन म्हणजे हायड्रोब्रोमाइड धरून साधारण २७ मायक्रोमोलर. त्याचा आयसी-५० (एन्झाइम निम्मं रोखणारी मात्रा) मायक्रोमोलरच्या आसपासचा, म्हणजे इथे एन्झाइम जवळपास पूर्ण बंद पडायला हवं. ७१ टक्के आलं तिथेच पाल चुकचुकायला हवी होती. तुम्ही ब्लँक मोजलाय, पण वजा केलेला नाही. ०.२२ मध्ये डीटीएनबीचा स्वतःचा पिवळेपणा आणि पीएच ८ ला सब्स्ट्रेट आपोआप फुटतो त्याचा वाटा आहे. तो दोन्हीकडून काढा: (०.२४ − ०.२२) भागिले (०.८२ − ०.२२) म्हणजे ०.०२/०.६०. इनहिबिशन ९७ टक्के. स्टँडर्ड ठीक बसलं.

त्याच हिशेबाने हिरडा ९५, पेठेतली ब्राह्मी १५, पाटावरची ६८, शंखपुष्पी ४० आणि १७. आता एकेकाकडे बघू.

कंट्रोलमध्ये बफर आहे आणि नमुन्यांत अखेरचा डीएमएसओ १ टक्का. डीएमएसओ स्वतःच या एन्झाइमला रोखतो. तेव्हा पेठेतल्या ब्राह्मीचे १५ आणि शंखपुष्पीचे १७ टक्के नुसत्या डीएमएसओचेही असू शकतील. कंट्रोलमध्ये तेवढाच डीएमएसओ घाला आणि जमलं तर सगळीकडे ०.२ टक्क्यांवर आणा. मिथेनॉलबाबतही हीच काळजी.

हिरडा म्हणजे टॅनिनचं पोतं. टॅनिन प्रथिनाला चिकटतं, एन्झाइमही प्रथिनच, मग ते कुठलंही एन्झाइम असो, बंद पडणारच. याला औषधी गुण म्हणत नाहीत, कातडं कमावणं म्हणतात. खात्री दोन रीतींनी करा. एक, प्लेटमध्ये बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन अखेर १ मिग्रॅ/मिली राहील असं घाला. इनहिबिशन कोसळलं तर ते अल्ब्युमिन टॅनिनने आधी खाल्लं. दोन, १ मिली अर्क, १ मिली पाणी, १०० मिग्रॅ पीव्हीपीपी (टॅनिन पकडणारी, न विरघळणारी भुकटी), हलवून ४ अंशांवर १५ मिनिटं, मग सेंट्रिफ्यूज. वरचं पाणी पुन्हा तपासा. ते निम्मं पातळ झालंय हे विसरू नका, आणि बफरलाही हीच क्रिया करून कंट्रोल ठेवा.

हळदीत दोन गोंधळ एकमेकांच्या उलट दिशेने चालतात. कर्क्युमिनचा शोषणपट्टा ४२५ नॅनोमीटरच्या आसपास आणि तुम्ही मोजता ते डीटीएनबीतून सुटणारं पिवळं टीएनबी ४१२ ला. एकदाच वाचन घेतलं की हळदीचा रंग टीएनबीत मिसळतो आणि उत्तर उणे येतं. मग लोक दर अर्ध्या मिनिटाला वाचून चढ (रंग वाढण्याचा वेग) काढतात, तर दुसरीच गंमत होते: कर्क्युमिन अल्कधर्मी बफरमध्ये मिनिटामिनिटाला मोडतं, त्याचा रंग उतरत जातो, चढ कमी दिसतो आणि हळद उगाच 'प्रभावी' ठरते. म्हणून हळदीला एन्झाइमशिवायचा स्वतःचा ब्लँक त्याच प्लेटवर, त्याच वेळी, चढासह वाचायचा आणि चढातून चढ वजा करायचा. एवढं करूनही आकडा डळमळीत राहिला तर १० मायक्रोग्रॅम/मिलीवर या, नाहीतर हळद या चाचणीतून काढून टाका. थायोफ्लेविन-टी हा चमकणारा रंग वापरून अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अ‍ॅमिलॉइड बघायचा विचार असेल तर तिथेही कर्क्युमिन तोच घोळ घालतं.

मालकांगणीचे तीन वेल तीन दिशांना गेलेत कारण तेल बफरमध्ये दुधाळ होतं आणि प्रकाश विखुरतो. आधी सॉक्सलेटमध्ये हेक्झेनने ६ ते ८ तास तेल काढा, उरलेल्या पेंडीचा अल्कोहोल अर्क करा. तेल या प्लेटवर तपासायची गोष्टच नाही.

ब्राह्मीत सॅपोनिन असल्याने फेस येतो. बुडबुडा बरोबर प्रकाशाच्या वाटेत बसला की ओडी उडी मारते. पिपेटचं शेवटचं टोक दाबू नका, प्लेट अर्धं मिनिट हळू फिरवून घ्या.

पुन्हा मांडताना प्रत्येक नमुन्याचे तीन वेल आणि त्याच नमुन्याचे एन्झाइमशिवाय तीन वेल. कडेच्या वेलमध्ये नुसतं पाणी, तिथून बाष्पीभवन जास्त होतं. नमुना आणि एन्झाइम १० मिनिटं एकत्र ठेवून सब्स्ट्रेट शेवटी, मल्टिचॅनेलने एकदम. ५ मिनिटं, दर ३० सेकंदांनी वाचन, सरळ भागाचाच चढ घ्या. २५ मिली डीटीएनबीला २९.७ मिग्रॅ, १० मिली सब्स्ट्रेटला ४३.४ मिग्रॅ. डीटीएनबी तपकिरी बाटलीत, सब्स्ट्रेट रोजचं रोज. एन्झाइम ०.१ टक्का अल्ब्युमिनच्या बफरमध्ये विरघळवा, नाहीतर इतकं पातळ प्रथिन ट्यूबच्या भिंतीलाच चिकटून बसतं. छोटे भाग करून उणे २० ला. रात्रीत वीज गेली आणि फ्रीजर पाघळला तर ती कुपी टाकायची, कंट्रोलची ओडी बघून 'चालतंय' म्हणायचं नाही.

वाईकर_द्रव्यगुण

प्लेटचं वर आलंच आहे. मी वनस्पतीबद्दल बोलतो, कारण तुमच्या यादीतल्या दोन नावांखाली नेमकं काय आहे तेच ठरलेलं दिसत नाही.

आपल्याकडे बाजारात ब्राह्मी मागितली की कधी बॅकोपा मोनिएरी मिळते, कधी सेंटेला एशियाटिका म्हणजे मंडूकपर्णी, आपला कारिवणा. बॅकोपाची पानं लहान, मांसल, समोरासमोर, चमच्यासारखी, देठ जवळपास नाहीच. चव कडू. कारिवण्याचं पान गोल, मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडा दातेरी, लांब देठावर, आणि पेऱ्यापेऱ्याला मुळं. वाळल्यावर चुरा झाला की दोन्ही हिरवट भुसाच. चमचाभर चुरा कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून पान उलगडा, शंका तिथेच फिटते. उरली तर एचपीटीएलसीवर (घटक वेगळे करून दाखवणारी प्लेट) एका बाजूला बॅकोपातलं बॅकोसाइड ए, दुसऱ्या बाजूला कारिवण्यातलं एशियाटिकोसाइड लावा.

चरकाने मेध्य (बुद्धी-स्मृतीसाठीची) रसायनं सांगितली ती चार: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधातून यष्टिमधु चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. म्हणजे प्रबंधाच्या प्रस्तावनेत 'चरकोक्त ब्राह्मी' लिहून बॅकोपा तपासला तर परीक्षक तिथेच पकडेल. आणि हे स्वरस-कल्क (ताजा रस आणि वाटलेला गोळा) आहेत. तुम्ही ७० टक्के इथेनॉलमध्ये जे ओढता ते परंपरेतलं कल्पच नव्हे. निदान एक पाण्याचा अर्क समांतर ठेवा, पण तो गरम न करता लायोफिलाइज करा (गोठवून वाळवा). पातेल्यात आटवलेल्या पाण्याच्या अर्काला दुसऱ्या दिवशी बुरशी येते.

शंखपुष्पीच्या दोन लॉटमधला फरक मला प्लेटचा वाटत नाही. कॉन्व्होल्व्ह्युलस प्रोस्ट्रॅटस खरी धरतात. बाजारात तिच्या जागी इव्होल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस म्हणजे विष्णुक्रांता सर्रास येते, काही ठिकाणी गोकर्णही खपते. वाळलेलं फूल सापडलं तर भिजवून भिंगाखाली धरा: विष्णुक्रांतेत कुक्षिवृंत (स्त्रीकेसराचा दांडा) दोन, आणि प्रत्येक पुन्हा दुभंगलेला. कॉन्व्होल्व्ह्युलसमध्ये कुक्षिवृंत एकच, टोकाला दोन फाटे. एका पोत्यात दोन्ही मिसळलेल्या असतात हेही ध्यानात ठेवा, एका फुलावर लॉट पास करू नका.

नमुना ताजा, फुलोऱ्यासकट गोळा करून हर्बेरियम शीट करा आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे केंद्रातून किंवा शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातून ओळख पक्की करून घ्या. शीटचा क्रमांक प्रबंधात यायलाच हवा. फक्त विष्णुक्रांतेसाठी कास पठारावर जाऊ नका. ते राखीव वन आहे, २०१२ पासून जागतिक वारशातही आहे. चांदोली-कोयनेतही परवानगीशिवाय काडी उचलायची नाही. माळरानावर, बांधावर मिळते ती पुरे.

वेखंड यादीत नाही ते बरंच. पुढे घ्यायचा मोह झाला तर आधी त्यातलं बीटा-असारोन मोजा. उंदरांत त्याने गाठी होतात म्हणून अमेरिकेत १९६८ मध्ये वेखंड अन्नात वापरायला बंदी आली.

वारणाकाठ

पाटावरच्या ब्राह्मीबद्दल कुणीच कसं बोललं नाही? तासगावची द्राक्षं म्हणजे वर्षभर फवारणी. आणि ऑर्गनोफॉस्फरस व कार्बामेट गटातली कीटकनाशकं मारतात ती हेच एन्झाइम बंद पाडून. भाजीपाल्यावर कीटकनाशक राहिलंय का ते पटकन बघायला हीच चाचणी वापरतात! तेव्हा ६८ टक्के ब्राह्मीचे की बागेतून वाहून आलेल्या औषधाचे, हा प्रश्न आधी. हळदीलाही कंदमाशीसाठी क्विनालफॉस देतात, तिकडेही डोळा ठेवा.

ओळखायची सोपी रीत: नमुना आणि एन्झाइम ५, १५ आणि ३० मिनिटं एकत्र ठेवून तीन वाचनं घ्या. गॅलांटामाइनसारखा सुटणारा पदार्थ असेल तर आकडा फारसा हलत नाही. ऑर्गनोफॉस्फेट एन्झाइमला कायमचं जखडतं, वेळ वाढेल तसं इनहिबिशन चढत जातं. मग ३० मिनिटांचं मिश्रण शंभरपट पातळ करून वाचा. सुटणारं असेल तर एन्झाइम परत जागं होतं. कार्बामेट मधेच कुठेतरी बसतं, हळूहळू सुटतं.

एक खोच आहे. क्विनालफॉस, क्लोरपायरीफॉस हे मूळ रूपात कमी चावतात, ऑक्सिडेशन होऊन ऑक्सॉन झाले की जोर धरतात. म्हणून भाजीच्या चाचणीत ब्रोमीनचं पाणी वापरतात. तेव्हा वेळेची चाचणी स्वच्छ आली म्हणून नमुना स्वच्छ, असं धरू नका.

मिरजेची_लेक

विषयाला थोडं सोडून विचारते, माफ करा. आईला (७४) डोनेपेझिल (हेच एन्झाइम रोखणारं औषध) ५ मिग्रॅ चालू आहे. सोबत ब्राह्मी चूर्ण दिलं तर चालेल का?

वाईकर_द्रव्यगुण

ताई, डॉक्टरांना न सांगता नको. डोनेपेझिलने मळमळ, जुलाब होतात, नाडी मंदावू शकते. ब्राह्मीनेही मळमळ, पोटात मुरडा, पातळ शौच होतं. दोन्ही एकदम सुरू केलं की त्रास कशाचा तेच कळत नाही. बीटा-ब्लॉकरची (नाडी मंदावणारी) गोळी चालू असेल तर आधी नाडी मोजून घ्या. जिंकगो या चिनी झाडाच्या अर्काच्या गोळ्यांबद्दल कुणी सांगितलं तर एवढं लक्षात ठेवा: अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३०६९ जणांना सरासरी सहा वर्षं दिवसातून दोनदा १२० मिग्रॅ किंवा नुसती खोटी गोळी देऊन बघितलं, स्मृतिभ्रंश काही कमी झाला नाही (२००८). ब्राह्मीवर एवढी मोठी चाचणी झालेलीच नाही. बी-१२ आणि थायरॉइड तपासलं नसेल तर ते आधी करून घ्या. झोपेच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावंही डॉक्टरांना दाखवा, त्यांतल्या काही विसरभोळेपणा वाढवतात.

पिंजरा_क्र_४

उंदरांबद्दल, कारण गाइड पुन्हा विचारणारच.

स्कोपोलामाइन म्हणजे आपल्या उकिरड्यावरच्या धोतऱ्यातलंच अल्कलॉइड. १ मिग्रॅ/किलो पोटात टोचलं की अर्ध्या तासाने उंदीर शिकलेलं विसरतो. पण हा अल्झायमर नव्हे, तात्पुरती बाधा आहे. कोलिनएस्टरेज रोखणारं काहीही इथे 'पास' होतं, मग ते कीटकनाशक का असेना. म्हणजे तुमच्या ब्राह्मीत फवारणीचं औषध असेल तर प्लेटही पास, उंदीरही पास, आणि प्रबंधही. म्हणून दोन्ही चाचण्या एकमेकींची साक्ष देतात असं समजू नका.

उलट बॅकोपाचा आधार आहे तो निरोगी माणसांतल्या, रोज ३०० मिग्रॅच्या आसपास अर्क १२ आठवडे दिलेल्या चाचण्यांत. तिथे पाठांतरात थोडा फरक दिसतो, आणि तो एन्झाइम रोखल्याने आला असं पक्कं सिद्ध झालेलं नाही. पेठेतल्या ब्राह्मीचे १५ टक्के शून्यावर आले तरी ब्राह्मी निरुपयोगी ठरत नाही, या एका चाचणीत काही करत नाही एवढंच.

संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी फॉर्म-बी भरून आधी घ्यावी लागते. आधी ओईसीडी ४२३ या आंतरराष्ट्रीय पद्धतीने विषारीपणा, मर्यादा डोस २००० मिग्रॅ/किलो. जलभूलभुलैया (पाण्याखाली लपलेली फळी उंदराने शोधायची) करायचा तर टाकी १२० सेंटिमीटरची, पाणी २५ अंशांच्या आसपास, रोज चार फेऱ्या असे पाच दिवस, सहाव्या दिवशी फळी काढून ६० सेकंद. उन्हाळ्यात सांगलीत पाणी सहज ३० च्या वर जातं, मग उंदीर आरामात तरंगतो आणि फळी शोधायची घाईच करत नाही. पांढऱ्या उंदरांची नजर मुळात कमजोर, तेव्हा भिंतीवरच्या खुणा मोठ्या, काळ्या-पांढऱ्या लावा. पाण्याच्या वर दिसणारी फळी ठेवून एक फेरी घ्या. तिथेही उशीर होत असेल तर स्मृतीचा नाही, डोळ्यांचा किंवा पोहण्याचा प्रश्न आहे. स्कोपोलामाइनने उंदीर सैरभैर धावतोही, म्हणून पोहण्याचा वेग वेगळा नोंदवा. वेळ मोजणाऱ्याला कोणता उंदीर कुठल्या गटातला ते माहीत असता कामा नये. हे आपल्याकडे सर्रास राहून जातं.

सांगली_फार्मसी

सगळ्यांचे आभार. पुन्हा मांडलं, डीएमएसओ सगळीकडे ०.२ टक्के, चढ काढून.

हिरडा पीव्हीपीपीनंतर ९५ वरून १२ टक्क्यांवर. पेठेतली ब्राह्मी ४, म्हणजे काहीच नाही. भिजवल्यावर तिची पानं गोल दातेरी निघाली, कारिवणाच आहे. शंखपुष्पीचा ४० वाला लॉट अजून ३१ वर आहे, फुलं शोधतोय. हळद १० मायक्रोग्रॅमलाही डळमळीतच, म्हणून काढून टाकली.

पाटावरची ब्राह्मी (ही बॅकोपाच आहे): ५ मिनिटांना ४१, १५ ला ६२, ३० ला ७९. शंभरपट पातळ केल्यावर एन्झाइम उठलं नाही. वारणाकाठ, तुम्ही म्हणालात तेच दिसतंय. खात्रीसाठी नमुना कुठे आणि कसा द्यायचा?

वारणाकाठ

द्राक्ष निर्यातीचे नमुने तपासणाऱ्या कुठल्याही एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्य प्रयोगशाळेत द्या, एलसी-एमएस/एमएस आणि जीसी-एमएस/एमएस या अवशेष ओळखून मोजणाऱ्या दोन्ही यंत्रांवर बहुअवशेष तपासणी मागा. पद्धतींबद्दल शंका असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात यासाठीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे.

अर्क देऊ नका, पाला द्या, २५० ते ५०० ग्रॅम. ताजा असेल तर न धुता, नव्या पॉलिथिन पिशवीत, बर्फात, त्याच दिवशी. वाळलेला असेल तर फॉर्मवर 'वाळलेला' असं ठळक लिहा, पाणी गेल्याने अवशेष अनेक पटींनी घट्ट झालेले असतात आणि आकडा वाचताना ते लागतं. त्याच पाटावर वरच्या अंगाला, बागा सुरू होण्याआधी ब्राह्मी मिळाली तर तिचाही नमुना सोबत पाठवा. आणि त्या वरच्या ब्राह्मीचा अर्क करून ५-१५-३० ची प्लेट आजच लावा, रिपोर्ट यायच्या आत निम्मं उत्तर तिथेच मिळेल.